खुर्ची लग्नाला गेली

“तुला कुठं जायाचं हाय गो?”

व्हीलचेअर घरी आल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणाऱ्याचे हात तोवर खुर्चीच्या मुठींवर पडलेले असतात. त्याला उत्तर नको असतं, खुर्ची हवी असते, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं.

बाकीचे प्रश्न त्या मानाने निरुपद्रवी. जन्मापासूनच का? पाय दुखतात का? झोपता पण खुर्चीतच? दिवसभर बसून कंटाळा नाही येत? बायका आधी इकडेतिकडे बघतात, मग पदर तोंडाशी नेऊन विचारतात, “मग ते कसं करता?” पहिलं वर्षभर मी शहाण्यासारखी सगळ्यांना समजावून सांगायची. नाही हो, खाटेवर झोपते, खाट खुर्चीच्या उंचीची करून घेतलीय, हातांच्या जोरावर सरकते. कंटाळ्याचं माहीत नाही, पण एकाच जागी बसून राहिलं तर कातडीला जखमा होतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलून धरावं लागतं. आणि ते सगळं तुमच्यासारखंच करते, फक्त वेळ दुप्पट लागतो आणि दार रुंद लागतं. आता माझा तो स्वभाव राहिला नाही. आता मी म्हणते, “तुमी कसं करता ते आधी सांगा, मग मी सांगते.”

त्याहून वाईट ते, जे माझ्याबद्दल दुसऱ्याला विचारतात. डोळखांबला नणंदेच्या घरी गेलो होतो. तिची सासू चहाचा कप हातात धरून माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याला म्हणाली, “यांना साखर चालते काय?” नवरा म्हणाला, “तिलाच इचारा, कान शाबूत हायेत तिचे.” त्या एका वाक्यावर मी त्याचे बरेच गुन्हे माफ केले. सगळे नाही.

मी अंगणवाडी सेविका होते. आमचं गाव शेणव्यापासून आत, आणि आमच्या घरापासून अंगणवाडी तीनशे पावलांवर. हे माप मी मोजलं तेव्हा माझे पाय चालत होते. भाताची झोडणी उरकून पेंढ्याच्या गासड्या ट्रकवर चढवायचं काम सुरू होतं. मुंबईकडच्या तबेल्यांना आमच्याकडचा पेंढा जातो. रविवार, अंगणवाडी बंद, म्हणून मी ट्रकवर चढून गासड्या लावून देत होते. दोरी सुटली आणि सगळ्यात वरच्या गासडीसकट मी खाली आले. गासडीला काही झालं नाही. ती त्याच दिवशी मुंबईला गेली, आणि मी ठाण्याच्या दवाखान्यात. मणका मोडला होता.

परत आले तेव्हा अंगणवाडीचा जादा भार शेजारच्या पाड्यावरच्या सेविकेकडे दिलेला होता. ती आठवड्यातून तीन दिवस यायची, बाकी दिवस मदतनीस खिचडी शिजवून पोरांना वाढायची. माझं पद गेलं नव्हतं, थांबलं होतं. मला त्या खोलीत परत जायचं होतं. मला दुसरं काही नको होतं, हे मी घरातही सांगितलं आणि तालुक्याच्या कार्यालयाला अर्ज करूनही सांगितलं.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावी शिबिर भरलं. मांडव, हारतुरे, भाषणं, आणि सगळ्यांना एकाच मापाच्या खुर्च्या. मला मिळालेल्या खुर्चीत माझ्यासारख्या दीड बाया बसल्या असत्या. फोटोत खुर्ची दिसते, हार दिसतो, चार पाहुणे दिसतात. माझं तोंड एका पाहुण्याच्या हाताआड गेलं आहे. तरी मी खुशीत होते. घरी येईपर्यंत टेम्पोत मी तिचा ब्रेक लावत होते आणि सोडत होते.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथूनच सुरू झालं. गावाची भांडी आमच्या घरी असत. लग्नाबारशाला, दहाव्या-बाराव्याला लागणारे मोठे टोप, कढया, पराती, झारे, वाढपाच्या बादल्या, सगळं गावकीने वर्गणी काढून घेतलेलं. सासऱ्यांच्या वेळेपासून ती आमच्या ओटीच्या कोपऱ्यात रचलेली. सासूबाई ती चिंच आणि राखेने घासून ठेवत. स्वतःच्या घरातली पितळी एक वेळ काळी राहील, गावाचा टोप राहणार नाही. तो आमच्या घराचा मान होता. भांड्यांचे नियम लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, मूठभर तांदूळ, नाहीतर प्रसाद, काहीतरी घालून द्यायचं. आणि भरलेलं भांडं कोणी मागायचं नाही.

व्हीलचेअर आणून ठेवली ती ओटीच्या त्याच कोपऱ्यात, मोठ्या टोपाच्या शेजारी. दुसरीकडे जागाच नव्हती.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा मीच म्हटलं, न्या. वरच्या आळीतला म्हातारा तापाने निपचित पडला होता, रिक्षा वर चढत नव्हती. चार माणसांनी झोळी करून नेण्यापेक्षा खुर्ची बरी. दोन दिवसांनी खुर्ची परत आली, तेव्हा तिच्या सीटवर वाटीभर तांदूळ होते. सासूबाईंनी तांदूळ काढून घेतले, वाटी परत दिली, खुर्ची पुसून टोपाच्या शेजारी लावली. मला तेव्हा कळायला हवं होतं. मला तर ते तांदूळ बघून बरं वाटलं होतं.

मग ती जातच राहिली. कोणाचा पाय मोडला, कोणाला बँकेत अंगठा द्यायला जायचं, कोणाची आई मतदानाला. एकदा जाऊबाईंच्या माहेरचा माणूस तिच्यावरून गॅसची टाकी घेऊन आला आणि मला म्हणाला, “लय भारी वस्तू हाय वैनी, असली येक प्रत्येक घरात पायजे.” खुर्ची बाहेर असली की मी खाटेवर. पाण्याला हाक, उन्हाला हाक, मोरीत जायला हाक. हाका मारून मारून माझा आवाज घरात कोणाला ऐकू येईनासा झाला. मी कुरकुर केली की जाऊ तोच प्रश्न विचारायची, आणि तिच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. मला कुठं जायचं होतं? रोज सकाळी नऊला, तीनशे पावलांवर. पण अजून तिथली परवानगी आली नव्हती, त्यामुळे ते जाणं घरात कोणाच्या हिशेबातच नव्हतं.

गावदेवीच्या उत्सवाआधी भाऊजी, म्हणजे माझे दीर, ओटीवर बसून वाढपाच्या बादल्यांवर लाल ऑइलपेंटने गावाचं नाव नव्याने लिहीत होते. त्यांचं अक्षर चांगलं आहे. मी आतून ब्रशचा वास घेत पडले होते. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसायला गेले तर पाठीवर, रेक्झिनवर, ठसठशीत लाल अक्षरांत गावाचं नाव आणि खाली ‘ग्रामस्थ’.

“हे काय केलंत?”

“रंग उरला व्हता वैनी,” भाऊजी म्हणाले. “आन नाव असलं म्हंजे बाहेरच्या गावात कुठं हरवत नाय.” त्यांनी माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, तर घरचं एक काम उरकल्यासारखं सांगितलं. मी रॉकेलचा बोळा घेऊन पुसून बघितलं, तर रंगाबरोबर रेक्झिनचं साल निघायला लागलं. सोडून दिलं.

त्याच काळात मी सराव करत होते. खुर्ची घरात असेल त्या दिवशी सकाळी अंगणवाडीपर्यंत जायचं. खडीत पुढची लहान चाकं रुततात, म्हणून पुढचा भाग किंचित उचलून मागच्या मोठ्या चाकांवर तोल सांभाळत जायचं. अंगणवाडीला उतार बांधलेला होता, पण असा खडा की बैलसुद्धा विचार करील. तो मी उलटी चढायला शिकले, पाठ दाराकडे, दोन दमांत. उतरायचं तेही पाठमोरंच. आत वजनकाटा, पाट्या, आहाराच्या गोण्या, सगळं माझ्या हाताच्या उंचीवर आणून घेतलं. दारापासून फळ्यापर्यंत किती वेळ लागतो, फळ्यापासून चुलीपर्यंत किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पोरांना खुर्चीचं काही वाटत नव्हतं. एकीने विचारलं, “बाई, तुमची खुर्ची काय खाते?” मी म्हटलं, तेल. तिने मान डोलावली आणि विषय संपला. मोठ्या माणसांना एवढं साधं का जमत नाही?

शेवटी निरोप आला. बुधवारी दहाला तालुक्याहून मॅडम येणार, मला काम जमतं का ते स्वतः बघणार, आणि मग अहवाल लिहिणार. एकदाच येणार.

आदल्या शनिवारी सासूबाईंच्या माहेरची माणसं आली, उंबरमाळीच्या बाजूची. सोमवारी लग्न होतं. नवरीच्या आजोबांना चालवत नाही, आणि नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या एवढी एकच त्यांची इच्छा उरलीय. भांडी तर न्यायची होतीच. मंगळवारी सांजच्याला पिकअप परत येणार, त्यात सगळंच येणार.

मला सगळ्या जगावर राग काढायला आवडतो, पण इथे खरं लिहायला हवं. हो मी म्हटलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, पाहुणे माझ्याकडे बघत होते, आजोबांच्या अक्षता माझ्या जिभेवर येऊन बसल्या होत्या. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम मलाही पाठ होता. मी फक्त म्हटलं, “मंगळवारी नक्की?” ते म्हणाले, “आमी काय खुर्ची ठेवून घेनार काय बाई?” सगळे हसले. मीही हसले.

मंगळवारची सांज गेली. नवऱ्याने फोन लावले, कोणी उचलले नाहीत, मग एकाने उचलला आणि सांगितलं, पिकअप वऱ्हाडाला लागला, उद्या येतो. सासूबाई ओटीवर येऊन रस्ता बघत होत्या. त्यांनाही काळजी होती, पण ती टोपांची की माझी ते मला सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी मी हिरवी साडी नेसून खाटेवर बसून होते. साडेनऊ झाले तेव्हा नवरा म्हणाला, “मी उचलून नेतो.” मी नको म्हटलं. मग भाऊजींनी समाजमंदिरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलली. गावदेवीचा मुखवटा नेतात तशी माझी मिरवणूक निघाली. लोक दारात येऊन उभे राहिले. उतारावर भाऊजींचा पाय घसरला आणि मी ओरडले. आत जाऊन त्यांनी मला भिंतीला टेकवून ठेवलं, आणि ठेवलं तिथे मी राहिले.

मॅडम वाईट नव्हत्या. हे मला फार सोयीचं नाही, पण खरं आहे. त्यांनी आधी मला पाणी घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, “तुम्ही रोज अशाच येणार का?”

“नाही मॅडम. मला व्हीलचेअर आहे. मी एकटी येते, एकटी जाते.”

“हो, अर्जात लिहिलंय. मग आज कुठे आहे ती?”

दारात अर्धा गाव उभा होता. नवरा जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, “लग्नाला गेलीय.”

सगळे हसले. मॅडमनी ओठ दाबला, पण त्यांनाही हसू आलं. आणि मीसुद्धा हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात एक पोरगं ताट घेऊन दाराबाहेर पळालं. मॅडमनी त्याच्याकडे बोट दाखवलं. “हे आता रस्त्यावर गेलं तर तुम्ही काय कराल?”

या प्रश्नाची मी किती महिने तयारी केली होती! फळ्यापासून दारापर्यंत मी त्याच्या आधी पोचते, त्यांना मी ते करून दाखवणार होते. प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातांवर मी भार दिला, अंग उचललं, पण पुढे जायला खाली चाकं कुठं होती? मी म्हटलं, “हाक मारीन.”

“आणि ऐकलं नाही तर?”

मी हातांवरचा भार सोडून परत टेकले. मॅडमनी लिहिलं.

दुपारी तीनला पिकअप आला. टोप उतरले, पराती उतरल्या, शेवटी खुर्ची. दोन्ही हातांवर हळदीचे पंजे, डावं पुढचं चाक लुळं. सीटवर नारळ, आणि पिशवीत बुंदी. रिकामी परत करायची नाही ना! आजोबांनी अक्षता टाकल्या, लय रडले, लय दुवा दिला, असं पिकअपवाला म्हणाला. सासूबाईंनी टोप तपासले, मग खुर्ची पुसली आणि बुंदीची वाटी माझ्या हातात दिली. बुंदी साजूक तुपातली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी सगळी खाल्ली.

महिन्याभराने कार्यालयाचं पत्र आलं. प्रत्यक्ष पाहणीत सदर सेविकेस स्वतंत्रपणे हालचाल करता येत नसल्याचे आढळले, असं त्यात होतं. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा या आणि बघा म्हणून विनवलं. उत्तर येईतो पद भरलं होतं. खालच्या पाड्यावरची बारावी झालेली मुलगी आहे, मेहनती आहे. तिच्यावर मला रागावता येत नाही, याचाही राग येतो.

त्यानंतर खुर्ची मागायला जो पहिला माणूस आला त्याला मी नाही म्हटलं. तो गावकीतला मोठा माणूस, वडिलांना बँकेत न्यायचं होतं, म्हणजे काम खरंच होतं. त्याने मुठींवर हात ठेवले आणि विचारलं, “तुला कुठं जायाचं हाय?”

“कुठं नाय,” मी म्हटलं. “पन देनार नाय.”

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी चाकाचा ब्रेक लावला. तो सासूबाईंकडे वळला, सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

गावकीची बैठक बसली. ज्या घरात मागणाऱ्याला नाही म्हणतात त्या घरात गावाची भांडी कशी ठेवायची? आठवड्याने पाच-सहा जण आले आणि टोप उचलायला लागले. सासूबाईंनी आदल्या दिवशी सगळी भांडी घासली होती. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “तुज्या एका खुर्चीपायी माज्या घरचा मान गेला.” मी म्हटलं, “माझं काय गेलं ते कोणी विचारलं का?” आम्ही दोघी एवढंच बोललो, आणि दोघीही खरं बोललो.

कोपरा रिकामा झाला. मग एकाची नजर माझ्या पाठीवर गेली. “हिच्यावर बी गावाचं नाव हाय.”

मी खुर्चीतच होते. चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला, कारण दुसऱ्याच्या बायकोला उचलून बाजूला कसं ठेवायचं हे त्याला सुचेना. त्याने सासूबाईंकडे बघितलं.

“भरलीय ती,” सासूबाई म्हणाल्या. “भरलं भांडं कोनी नेत नाय.”

त्यांनी ते मायेने म्हटलं की नियम म्हणून, मी कधी विचारलं नाही. माणसं गेली. तेव्हापासून आमच्या दारात मागायला कोणी येत नाही, टोप नाही आणि खुर्चीही नाही. वर्ष होत आलं. डावं चाक दुरुस्त करून घेतलं. हळद गेली, नाव आहे. आता खुर्ची सकाळपासून सांजेपर्यंत माझीच असते.

सवय जात नाही. नऊच्या आत माझी वेणी होते, साडी नेसून होते, आणि मी ओटीवर येऊन बसते. अंगणवाडीतून पोरांचा कलकलाट ऐकू येतो. फळांच्या गाण्यात ती मुलगी पेरूनंतर सीताफळ घेते, मी आंबा घ्यायची. काल पाण्याला चाललेली एक म्हातारी दारात थांबली. तिच्या दोन्ही हातांत कळशा होत्या, तिला खुर्ची नको होती. मला एवढी नटलेली बघून तिने मनापासून विचारलं, “कुठं निघालीस गो?”

मी ब्रेक लावला आणि म्हटलं, “कुठं नाय.”